नायकबाबांना दिलेलं रक्त

यवतमाळच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा मला पहिलं काम मिळालं ते रबरी नळ्या धुण्याचं. रक्त आणि सलाइन द्यायच्या नळ्या त्या काळी फेकून देत नसत. एका रोग्याची नळी सुटली की ती नळाखाली धरायची, बोटांनी पिळत पिळत आतलं सगळं काढायचं आणि मग उकळायला टाकायची. नळीत कुठे काही चिकटून राहिलं तर पुढच्या रोग्याला अशी हुडहुडी भरायची की लोखंडी खाट फरशीवर खडखड वाजायची. मोठ्या सिस्टर नवीन मुलींना आधी महिनाभर हेच काम द्यायच्या. मला त्याचा राग यायचा. नागपूरला तीन वर्षं शिकून आलेली मी, आणि इथे दिवसभर नळ्या पिळत बसायचं.

माझं गाव दारव्ह्याकडचं. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि घरी परतल्यावर वडिलांनी पहिली गोष्ट ठरवली ती माझ्या शिक्षणाची. लग्नाला आलेली मुलगी नागपूरला पाठवतो म्हणून भावकीत बोलणी झाली, पण ते ऐकले नाहीत. शिकून मी आमच्याच जिल्ह्यात नोकरीला आले, पुरुषांच्या वॉर्डात. तिथे काही घरची माणसं माझ्या हातचं पाणी घ्यायची नाहीत. सुई मात्र घ्यायची. सुरुवातीला ते मनाला फार लागायचं. नंतर मी पाण्याचा तांब्या रोग्याच्या नातेवाइकाच्या हातात द्यायला शिकले आणि आपलं काम करत राहिले.

नायकबाबांची गोष्ट सांगायची तर आधी पोस्टमनची सांगावी लागेल, कारण पोस्टमन गेले नसते तर नायकबाबांच्या खाटेजवळ मी जशी बसले तशी बसले नसते.

ते पोस्टमन कळंबचे होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. सायकलवरून टपाल वाटता वाटता छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली, आणि ते एका दुकानाच्या पायरीवर बसले, मग त्यांना उठताच येईना. दुपारी त्यांना आमच्याकडे आणलं. कपडे घामानं ओले, चेहरा मातीसारखा झालेला. पापणी खाली ओढून पाहिली तर आत लाली नावालाच होती. जुना हिवताप, त्यातून अंगात रक्त फार कमी झालेलं. आमचे मोठे डॉक्टर त्या दिवशी दौऱ्यावर होते. नवीन आलेल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब पाहिला, तो खूप उतरला होता, आणि ते म्हणाले, "ह्यांना रक्त लावा." त्यात काही चूक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. अंगात रक्त कमी आहे, तर रक्त द्यायचं; एवढं सरळ ते वाटलं.

त्यांच्या भावाचं रक्त जुळलं. बाटली लागली. मिनिटाला चाळीस थेंब, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते दुसऱ्या वॉर्डात गेले. पोस्टमनची बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती बाटलीकडे पाहायची, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"बाई, लई हळू पडून राह्यलं," ती म्हणाली. "जरासं जोरात सोडा ना. थोडी ताकद तरी येईन."

त्या दिवसांत सगळ्यांचीच बाटलीवर फार श्रद्धा. बाटली संपली म्हणजे औषध पोटात गेलं, माणूस आता उठणार, असं वाटायचं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नळीवरचा चिमटा थोडा सैल केला. किती थेंब झाले ते मी मोजलं नाही. पन्नास झाले असतील, साठ झाले असतील. मला शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करायचं होतं.

अर्ध्या तासानं पोस्टमन खोकू लागले. मग उठून बसायला धडपडू लागले. "जीव घुसमटून राह्यला," एवढंच त्यांना बोलता आलं. तोंडाला गुलाबी फेस आला. मी चिमटा बंद केला, धावत डॉक्टरांना बोलावून आणलं, ऑक्सिजनचं सिलिंडर ओढत आणलं. काही उपयोग झाला नाही. बाटलीत पाव हिस्सा रक्त राहिलं होतं, तेव्हा ते गेले.

मोठे डॉक्टर दौऱ्याहून आले तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले आणि चिमटा सैल केल्याचं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. कागदावर चाळीस थेंबच लिहिलेले होते. पण मला झोप येत नव्हती.

ते पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"सिस्टर, तुम्ही थेंब वाढवलेत म्हणून तो माणूस गेला, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "म्हणून गेला नाही, असंही म्हणता येत नाही मला. त्याचं हृदय आधीच दुखावलेलं होतं. चाळीस थेंबही कदाचित जास्तच होते."

"पण सर, रक्त तर कमीच होतं त्यांच्या अंगात."

"तेच तर अवघड आहे." त्यांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. "रक्त कमी असलं की हृदयाला स्वतःलाच पुरेसा प्राणवायू मिळत नाही. जो भाग दुखावलाय तो आणखी मरत जातो. म्हणून आपल्याला रक्त द्यावंसं वाटतं. पण आपण बाटलीभर वाढवतो, ते पुढे ढकलायचं कुणी? त्याच हृदयानं. त्याला नाही झेपलं की सगळं मागे फुप्फुसांत तुंबतं. माणूस कोरड्या खाटेवर बुडतो."

"मग द्यायचं का नाही?"

"मला पक्कं माहीत नाही," ते म्हणाले. "पुस्तकांतही एकमत नाही. ज्याला द्यायचं त्याच्याजवळ बसून द्यायचं, एवढं मात्र मला कळतं."

मोठ्या डॉक्टरला 'माहीत नाही' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानं माझं समाधान झालं नाही, उलट भीती वाढली. पुढे कितीतरी दिवस कुणाची बाटली लावताना माझा हात चिमट्यावरून हलत नसे.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत नायकबाबा आले.

दारव्ह्याच्या पलीकडे एक बंजाऱ्यांचा तांडा होता, त्याचे ते नायक. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. हे मात्र शेतीत स्थिरावलेले. साठीचं वय, उंच शरीर, पांढऱ्या मिशा. त्यांच्या पुतण्यानं आणि बायकोनं त्यांना बैलगाडीतून दारव्ह्याला आणलं, तिथून लहान रेल्वेच्या लाकडी बाकावर निजवून यवतमाळला. स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना त्यांनी "मी चालतो" म्हणून हट्ट धरला, आणि एक पाय खाली ठेवताच छाती धरून कळवळले.

आमच्याकडे हृदयाचा आलेख काढायचं यंत्र नव्हतं. त्यासाठी नागपूर गाठावं लागे, आणि तेवढा प्रवास ह्या माणसाला सोसणार नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, नाडी पाहिली, कळ कुठून कुठे जाते ते दोन-तीनदा विचारलं. मग पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. पापणी कागदासारखी पांढरी होती.

"किती दिवसांपासून रक्त पडतं?" त्यांनी विचारलं.

नायकबाबांनी तोंड फिरवलं. उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं. "सहा-सात साल झाले, साहेब. मूळव्याध हाय. कोनाले सांगू देत नव्हते. नायक मानूस, लाज वाटे."

रक्त तपासायला पाठवलं. तपासणाऱ्यानं नळीतला रंग जुळवून आकडा लिहून दिला तो इतका कमी होता की डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासायला लावलं. दुसऱ्यांदाही तेवढाच आला.

पहिले तीन दिवस डॉक्टर थांबले. कळ थांबवणारं इंजेक्शन, ऑक्सिजन, पडून राहणं. हात उचलायचा नाही, घासही दुसऱ्यानं भरवायचा. पण कळ राहत नव्हती. कुशीवर वळवलं तरी यायची, दोन वाक्यं जास्त बोलले तरी यायची. चौथ्या दिवशी सकाळी फेरीच्या वेळी डॉक्टर त्यांच्या खाटेजवळून दोनदा पुढे गेले आणि दोनदा परत आले. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

"असंच ठेवलं तर हा माणूस आठवडा काढणार नाही," ते म्हणाले. "रक्त द्यावं म्हणतो. पण पूर्ण बाटली नाही. काढलेलं रक्त रात्रभर तसंच थंड ठेवायचं. लाल भाग खाली बसेल. वरचं पिवळं पाणी काढून टाकायचं आणि फक्त खालचं द्यायचं, तेही अगदी हळू. चार-साडेचार तास लागतील. तेवढा वेळ तुम्ही तिथून उठायचं नाही."

मी म्हटलं, "सर, दुसऱ्या कुणाला बसवलं तर?"

"तुम्हीच बसा," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याकडे गेले.

आता रक्त कुणाचं घ्यायचं हा प्रश्न आला. नायकबाबांना एकच मुलगी, ती उमरखेडकडे दिलेली; तिला निरोप पोचून ती येईपर्यंत उशीर झाला असता. तांड्यातली माणसं वेचणीला गुंतलेली. भेटायला दोघं-तिघं आले होते; रक्ताचं नाव काढल्यावर "गाडीचा टाइम झाला" म्हणून गेले. त्यांना मी दोष देत नाही. बाटलीभर रक्त काढलं की माणूस कायमचा निकामी होतो अशी सगळीकडेच समजूत होती. आमच्या दवाखान्यातले शिपाईसुद्धा कबूल व्हायचे नाहीत. माझं रक्त जुळत नव्हतं. पुतण्या तिशीचा, मनानं चांगला. त्यानं घाबरत का होईना, हात पुढे केला. त्याचं जुळलंही. पण त्याचीच पापणी फिकी निघाली आणि डॉक्टरांनी त्याला उठवलं.

तेव्हा नायकबाबांची बायको पुढे आली. तांड्यातल्या मुली आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडी म्हणायची. पन्नाशीची, काटक, शेतातल्या कामानं पिळदार झालेली बाई.

"सिस्टरबाई, माह्यं रगत पाहून घ्या," ती म्हणाली.

बाईचं रक्त घ्यायची पद्धत आमच्याकडे फारशी नव्हती. डॉक्टर क्षणभर थांबले, मग म्हणाले, "पाहा." पाहिलं तर नायकबाबांच्याच गटाचं, आणि चांगलं लाल. सगळ्यांत निरोगी तीच निघाली.

पुतण्या अस्वस्थ झाला. तो तिला दाराबाहेर घेऊन गेला, पण त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"काकी, तुह्यं रगत त्याइच्या आंगात गेलं, त मंग तू त्याइची कोन होशीन? एका रगताचे मानसं म्हन्जे भाऊ-बहीन. तांड्यात इचारलं त काय सांगाचं?"

ती म्हणाली, "चाळीस साल माह्या हातची भाकर खाल्ली त्याइनं. त्याइच्यात रगत झालं थे कायचं झालं? आता भाकर पचून नाई राह्यली, म्हून सरळ रगतच देऊन राह्यली मी. बायकोच राहीन. दुसरी कोन होनार?"

पुतण्यानं मान खाली घातली. "काकाले सांगू नोको मंग," एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनाही ते पटलं. रोग्याच्या मनाला आत्ता काही ताण नको, असं ते म्हणाले.

खरी अडचण टेबलावर निजवल्यावर आली. याडीच्या दोन्ही दंडांवर, कोपरापासून खांद्यापर्यंत, पांढरे हाडाचे चुडे होते. लग्नात घातलेले, तेव्हापासून अंगावरच. हाताची शीर फुगवायची तर दंडाला पट्टा आवळावा लागतो, आणि पट्ट्याला जागाच नव्हती.

"हे काढावे लागतील," डॉक्टर म्हणाले.

याडी उठून बसली. "नाई, साहेब."

"परत घालता येतील."

"नवरा गेल्यावर काढतेत हे. थे जित्ते हायेत. त्याइले जगवाले आली मी, अन् चुडे काढून देऊ?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती टेबलावरून पाय खाली सोडून बसली होती. "दुसरीकडून कुठून बी घ्या. मानेतून घ्या. चुडे नाई काढत."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. रबरी नळी आवळून पाहिली. पण चुडे घसरून तिच्यावर यायचे आणि ती सुटायची. मला एकदम सुचलं ते मी बोलून टाकलं.

"सर, मी धरते."

चुडे एकेक करून वर सरकवले. सगळे मिळून तीन-चार बोटांची जागा झाली. एका हातानं ते वर दाबून धरायचे आणि दुसऱ्या हातानं ती जागा आवळायची, पट्ट्यासारखी. शीर वर आली. डॉक्टरांनी सुई घातली. नळीतून रक्त खाली बाटलीत उतरू लागलं. डॉक्टर स्वतः ओणवे होऊन बाटली हलकेच फिरवत होते, आतल्या औषधात ते नीट मिसळावं म्हणून. माझी बोटं थोड्या वेळानं बधिर झाली. सैल सोडलं तर धार बारीक व्हायची. याडीनं ते पाहिलं असावं.

"जोरात धर, बाई," ती म्हणाली. "मले नाई दुखत."

तिचा हात गरम होता. नाडी माझ्या बोटांखाली ठणठण उडत होती. बाटली भरायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सुई काढल्यावर तिच्या दंडावर माझी चार बोटं निळसर उमटली होती. तिला गूळ-चहा दिला, तासभर पडून राहायला सांगितलं. अर्ध्या तासातच ती उठून नवऱ्याच्या खाटेजवळ जाऊन बसली, पदर दंडावरून ओढून घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली आणली तेव्हा तळाशी गडद लाल आणि वर गवताच्या काडीसारखं पिवळं पाणी असे दोन थर दिसत होते. डॉक्टरांनी लांब सुईनं पिवळं पाणी काढून टाकलं. नळी मी स्वतः दोनदा धुवून, उकळून ठेवली होती. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. आठ वाजता सुरू केलं. मिनिटाला वीस थेंब.

मी स्टुलावर बसले. एका हातात घड्याळ, दुसरा हात त्यांच्या मनगटावर. थेंब मोजायचे, मग नाडी, मग श्वास, मग मानेची शीर फुगते का ते पाहायचं, आणि पुन्हा थेंब. नायकबाबा डोळे मिटून होते. मधेच त्यांनी विचारलं, "कोनाचं हाय हे?" मी म्हटलं, "बोलू नोका, बाबा." नऊ वाजले, दहा वाजले. पहिला तास मला पोस्टमनच दिसत होते. शेजारच्या खाटेवरच्यानं पाणी मागितलं तरी मी उठले नाही. दुसऱ्या सिस्टरला हाक मारली.

दहाच्या पुढे त्यांच्या ओठांचा रंग बदललेला मला जाणवला. आधी वाटलं, उजेडाचा भास असेल. मग याडीही वाकून पाहू लागली, तेव्हा खात्री झाली.

अकराच्या सुमाराला ते खोकले. एकदाच, कोरडं. मी वाट पाहिली. पुन्हा खोकले. श्वास मोजला, आधीपेक्षा सहा जास्त. मानेची शीर वर आली होती. डॉक्टरांना विचारायला कुणाला पाठवावं की आधी बंद करावं, एवढा विचार करायलाही मी थांबले नाही. चिमटा पूर्ण आवळला.

"काहून बंद केलं?" पुतण्या दारातून धावत आला. "अजून राह्यलं ना त्याच्यात!"

"राहू द्या," मी म्हटलं.

"बाई, काकीचं रगत हाय थे," तो आवाज उतरवून माझ्या कानाशी म्हणाला. "वाया घालवता काय?"

मी दुसऱ्या सिस्टरला डॉक्टरांकडे पिटाळलं. नायकबाबा आता उशीवरून उठायला पाहत होते, नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यांना मागून आधार देऊन बसवलं, पाय खाटेवरून खाली सोडले, ऑक्सिजन लावला. डॉक्टर आले, पाठीला नळी लावून ऐकलं. "खाली पाणी आहे," ते म्हणाले. लघवीचं इंजेक्शन दिलं. मग आम्ही नुसते उभे राहिलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. याडी नवऱ्याच्या पायाशी फरशीवर बसली होती आणि दोन्ही हातांनी त्यांचे तळवे धरून होती.

तासाभरानं लघवी झाली. मग श्वास हळूहळू खाली आला. फेस आला नाही. दीड वाजता नायकबाबा उशीला टेकले आणि म्हणाले, "भूक लागली."

डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. मला त्यांचा चेहरा आठवतो. आनंद म्हणावा असं त्यावर काही नव्हतं. खूप लांब चालून आलेला माणूस दिसतो तसे ते दिसत होते. बाटलीत उरलं होतं ते त्यांनी पुन्हा लावू दिलं नाही. पुतण्याला म्हणाले, "जेवढं झेपलं तेवढं त्यांनी घेतलं. बाकीचं देणं म्हणजे त्यांना मारणं झालं असतं." तो बाटलीकडे पाहत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "बाई, मी बोललो थे मनात नोका ठेवू."

त्यानंतर कळ थांबली. एकदम नाही, पण दोन दिवसांत कुशीवर वळवता येऊ लागलं, चौथ्या दिवशी ते मला तांड्यातल्या होळीचं सांगू लागले आणि मीच त्यांना गप्प बसवलं. लोहाच्या गोळ्या आणि मूळव्याधीवर औषध सुरू झालं.

आठवड्यानं, याडी त्यांना भरवत असताना पदर घसरला, चुडे वर सरकले आणि दंडावरचे पिवळे पडलेले वळ त्यांना दिसले.

"हे काय झालं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि त्यांची तब्येतही सुधारली होती. मी सगळं सांगितलं, चुड्यांचंसुद्धा. ते ऐकताना छताकडे पाहत होते. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी अगदी गंभीरपणे मला विचारलं, "बाई, तुम्ही शिकेल हा. खरं सांगजा. आता हे माही बहीन झाली काय?"

याडीचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "नाई, बाबा. बाहेरचं रक्त कायमचं राहत नसते. चार महिन्यांत जुनं होऊन जाते, अन् अंगात आपलं नवं तयार होते."

"चार महिने?"

"हो."

त्यांनी मनात हिशेब केला असावा. "मंग चार महिने आमी पाहून घेऊ," ते म्हणाले आणि तोंड उघडलं. याडीनं घास भरवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, तोंडावर पदर घेऊन.

सहा आठवड्यांनी ते घरी गेले. मी एकदा डॉक्टरांना विचारलं की ते रक्तामुळेच वाचले ना. डॉक्टर म्हणाले, "मला तसं वाटतं. पण रक्त देऊनही वाचले, असंही कुणी म्हणेल, आणि मला ते खोडून काढता येणार नाही." ते पुढे बदली होऊन गेले. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर अशा रोग्याला कधीच रक्त देत नसत, आणि त्यांचेही काही रोगी वाचत, काही जात.

नायकबाबा त्यानंतर चार वर्षं जगले. ते गेल्यावर महिनाभरानं पुतण्या काही कामानं यवतमाळला आला असताना मुद्दाम मला सांगायला दवाखान्यात आला. मी कामात होते, म्हणून तो व्हरांड्यातल्या बाकावर थांबला. मी गेले तेव्हा तो उठून उभा राहिला.

"काका गेले, बाई. मागल्या महिन्यात. सकाळी आंगनात बसून होते, चिलीम भरून मांगली, अन् मी आनून देईपर्यंत गेले. लई त्रास नाई झाला."

"अन् याडी?"

"हाय. बोलत नाई जास्त. लेकीकडे जाय म्हटलं त नाई जात."

मी त्याला चहा पाजला. जाताना तो म्हणाला की तांड्यातलं कुणी आजारी पडलं तर तो माझ्याकडेच घेऊन येईल. मी हो म्हटलं. मग तो दारव्ह्याची गाडी धरायला घाईघाईनं स्टेशनकडे गेला, आणि मी वॉर्डात परत आले.